ढिलाईचा हिशेब

1911 च्या मार्च महिन्यात अमेरिकी लष्कराच्या परीक्षकांसमोर दोन पिस्तुलं होती. एक सॅव्हेज कंपनीचं, दुसरं कोल्टचं. कोल्टच्या पिस्तुलाचा रचनाकार जॉन मोझेस ब्राउनिंग स्वतः तिथे हजर होता. अट साधी पण निष्ठुर होती: प्रत्येकातून सहा हजार गोळ्या झाडायच्या. शंभर झाल्या की जरा थंड होऊ द्यायचं, हजार झाल्या की साफ करून तेल द्यायचं, आणि पुन्हा सुरू. सॅव्हेज 37 वेळा अडलं. कोल्ट एकदाही अडलं नाही. 29 मार्चला लष्कराने ते स्वीकारलं, आणि 'मॉडेल 1911' हे नाव घेऊन ते 1985 पर्यंत अमेरिकी सैनिकांच्या कमरेला राहिलं. एवढी दीर्घ नोकरी केलेली हत्यारं जगात फार नाहीत.

आज हेच पिस्तूल अमेरिकेत हाताने घडवून, घासून, नव्याने बसवून घेण्याचा एक मोठा उद्योग आहे. गाडी सजवून घेणाऱ्यांपेक्षा हे गिऱ्हाईक वेगळं. त्याला पिस्तूल नुसतं देखणं नको असतं, ते नेमकं हवं असतं. आणि गंमत इथेच आहे, कारण ब्राउनिंगचं मूळ पिस्तूल मुद्दाम ढिलं होतं. नळी, वरची मागेपुढे सरकणारी स्लाइड आणि खालची फ्रेम यांच्यात त्याने जागा सोडली होती. वर्कशॉपच्या भाषेत सांगायचं तर भरपूर 'प्ले' होता. चिखल, वाळू, जळलेल्या दारूची काजळी शिरली तरी भाग हलत राहावेत म्हणून, आणि कुठल्याही कारखान्यातला भाग कुठल्याही पिस्तुलात बसावा म्हणूनही. हा प्ले कुठून काढायचा आणि कुठे अजिबात हात लावायचा नाही, हे ज्याला कळतं तो कारागीर. बाकीचे कानस घेऊन बसलेले हौशी.

आधी यंत्र समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. या पिस्तुलाची नळी पाच इंच लांब, वजन रिकाम्या अवस्थेत साधारण 1.1 किलो, मूळ मॅगझिनमध्ये सात काडतुसं. काडतूस .45 व्यासाचं, गोळी 230 ग्रेनची, म्हणजे जवळपास 15 ग्रॅम. नळीच्या पाठीवर आडव्या कडा असतात आणि त्या स्लाइडच्या आतल्या खाचांत, जुन्या वाड्याच्या दाराचा अडसर भिंतीत जावा तशा, बसलेल्या असतात. गोळी सुटते तेव्हा नळी आणि स्लाइड एकमेकींना धरून मागे येतात. थोडं अंतर गेल्यावर नळीखालची छोटी कडी, जिला लिंक म्हणतात, नळीचं मागचं टोक खाली ओढते. अडसर सुटतो. नळी थांबते, स्लाइड एकटी मागे जाते. जाताना ती रिकामं काडतूस ओढून बाहेर फेकते आणि घोडा मागे पाडून ठेवते. परत येताना मॅगझिनमधलं वरचं काडतूस ढकलत चेंबरमध्ये नेते. हे सारं डोळ्यांची पापणी लवायच्या आत होतं. पुढची गोळी मात्र चाप सोडून पुन्हा ओढल्याशिवाय सुटत नाही. 'सेमी-ऑटोमॅटिक' हे त्याचंच नाव.

एवढी मोठी गोळी का लागली, याचं उत्तर फिलिपाइन्समध्ये आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी सैन्य तिथल्या मोरो लढवय्यांशी लढत होतं आणि त्यांची .38 ची रिव्हॉल्व्हरं अंगावर धावून येणाऱ्या माणसाला थांबवायला पुरी पडत नाहीत अशा तक्रारी येत होत्या. 1904 मध्ये थॉम्पसन आणि ला गार्ड या दोन अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात जनावरांवर चाचण्या केल्या. आजच्या नजरेला त्या चाचण्या क्रूर वाटतात आणि शास्त्रीयदृष्ट्याही कच्च्या वाटतात. पण त्यांचा निष्कर्ष, की व्यास .45 पेक्षा कमी नको, लष्कराने शिरोधार्य मानला. या फिलिपाइन्सकडे आपल्याला परत यायचं आहे, वेगळ्याच कारणाने.

दुसऱ्या महायुद्धात या पिस्तुलाची इतकी मागणी झाली की एकट्या कोल्टला ते झेपणारं नव्हतं. मग टाइपरायटर करणारी रेमिंग्टन रँड, रेल्वे सिग्नलची यंत्रं करणारी युनियन स्विच अँड सिग्नल, बंदुका करणारी इथाका, अशा कंपन्या कामाला लागल्या. शिवणयंत्रवाल्या सिंगरने फक्त 500 पिस्तुलं केली, आणि म्हणूनच आज संग्राहक सिंगरच्या पिस्तुलासाठी वाटेल ती किंमत मोजतात. 1945 नंतर लष्कराने नवी पिस्तुलं घेतलीच नाहीत. होती तीच शस्त्रागारांत उघडायची, भाग ढिगात टाकायचे, तपासायचे, परत जोडायचे. त्यामुळे कोल्टची फ्रेम, रेमिंग्टन रँडची स्लाइड आणि तिसऱ्याच कुणाची नळी असं पिस्तूल सर्रास सापडतं, आणि ते चालतं. ब्राउनिंगच्या ढिलाईचा हा खरा विजय.

हा विजय नेमबाजाच्या मात्र मुळावर आला. अमेरिकेत 'बुल्सआय' नावाचा एक जुना नेमबाजी प्रकार आहे. उभं राहून, एका हाताने, 50 यार्डांवरच्या कागदावर गोळ्या मारायच्या. दहा गुणांचं वर्तुळ साडेतीन इंचांहूनही थोडं लहान. लष्करी ढिलं पिस्तूल घेऊन या वर्तुळात सातत्याने गोळ्या टाकणं अवघड, कारण प्रत्येक गोळीनंतर नळी पुन्हा नेमक्या त्याच जागी येऊन बसेल याची खात्री नाही. माणसाचा हात कितीही स्थिर असला तरी नळी दर वेळी केसभर इकडेतिकडे बसली तर 50 यार्डांवर तो केसभर बोटभर होतो.

मग काही माणसं कामाला लागली. लुइझियानात जिम क्लार्क, स्वतः अव्वल दर्जाचा नेमबाज. त्याने दोन स्लाइड कापून, एकीचा तुकडा दुसरीला वेल्ड करून लांब स्लाइडची पिस्तुलं केली, म्हणजे पुढची आणि मागची माशी यांतलं अंतर वाढतं आणि नेम धरताना होणारी चूक कमी होते. सॅन फ्रान्सिस्कोत बॉब चाऊ, चिनी वंशाचा अमेरिकी, 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये पिस्तूल घेऊन उतरलेला. लॉस एंजेलिसला पॅकमायर यांचं वर्कशॉप. कॅलिफोर्नियातच आर्मंड स्वेन्सन. दोन्ही अंगठ्यांना चालेल अशी दुतर्फी सेफ्टी रुळवण्याचं श्रेय त्याला देतात. आणि 1977 मध्ये आर्कान्सॉतल्या बेरीव्हिल गावात, घरच्या दागिन्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, बिल विल्सन नावाच्या घड्याळजीने पिस्तुलं कामाला घ्यायला सुरुवात केली. घड्याळजी असणं हा योगायोग मानायला मी तयार नाही. या कामाला लागणारी नजर तीच आहे: कुठला दात किती घासायचा, आणि त्याआधी कुठे थांबायचं.

नेमबाजीच्या कागदी वर्तुळांतून हे पिस्तूल बाहेर काढलं जेफ कूपरने. मरीन दलातला हा निवृत्त अधिकारी दोन हातांनी, भरभर, हालचाल करत नेमबाजी शिकवायचा. 1976 मध्ये मिसुरीतल्या कोलंबिया शहरात अशा नेमबाजीची आयपीएससी ही संघटना उभी राहिली तेव्हा तो तिचा पहिला अध्यक्ष झाला, आणि त्याच वर्षी ॲरिझोनात त्याची गनसाइट ही शाळा निघाली. कूपरचं म्हणणं थोडक्यात असं की पिस्तुलाला माशी दिसेल अशी हवी, चाप हाताळता येईल असा हवा, आणि कडा हाताला कापणाऱ्या नकोत. बाकी बहुतेक सारं सजावट. पन्नास वर्षांत बाजारात शेकडो सुटे भाग आले, पण ही यादी अजून कुणाला फारशी वाढवता आलेली नाही, असं माझं मत.

मग कस्टम कामासाठी पिस्तूल निवडायचं कसं?

पहिला प्रश्न नैतिक म्हणावा असा आहे. हाती आलेलं पिस्तूल मूळ अवस्थेतलं जुनं लष्करी असेल, सगळे भाग एकाच कारखान्याचे असतील, मूळचा करडा पार्करायझिंगचा थर शाबूत असेल, तर त्याला कानस लावू नये. 2018 पासून अमेरिकेच्या सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅमने लष्कराकडची शिल्लक पिस्तुलं नागरिकांना विकायला काढली, तेव्हा अनेकांना वाटलं की चला, कस्टम कामाला स्वस्त माल आला. तो विचार दोन्हीकडून चुकीचा. इतिहास जातो हे एक, आणि दुसरं म्हणजे पोलादही त्या कामाचं नाही. महायुद्धापर्यंतच्या स्लाइड आजच्या मानाने मऊ असत. त्यांचे ठरावीक भागच उष्णतेने कठीण केलेले असत. ऐंशी वर्षं वापरलेली अशी स्लाइड घेऊन तिच्यात नव्या माशीसाठी खोल खाच पाडायची आणि मग वर्षाला हजारो गोळ्या झाडायच्या, तर तिला चीर जाण्याची भीती असते. अशी पिस्तुलं पेटीत ठेवावीत, अधूनमधून साध्या काडतुसांनी चालवावीत, आणि पुढच्या पिढीला द्यावीत.

नव्यांत कोल्टची गव्हर्नमेंट ही परंपरेने पहिली पसंती. तिच्यातही दोन कुळं. 1970 साली आलेल्या सिरीज 70 मध्ये नळीच्या तोंडाशी पाकळ्यांचं बुशिंग होतं. नळीला चारी बाजूंनी चिमटीत धरावं ही कल्पना उत्तम, पण पाकळी कधीकधी तुटायची आणि मग पिस्तूल जागच्या जागी बंद. कारागीर ते बुशिंग पहिल्याच दिवशी काढून तिथे अखंड पोलादी बुशिंग बसवत. 1983 च्या सिरीज 80 मध्ये कोल्टने फायरिंग पिनला अडवणारी एक जादा सेफ्टी घातली: चाप पूर्ण ओढल्याशिवाय पिन पुढे जाऊच शकत नाही, म्हणजे पिस्तूल हातातून पडलं तरी गोळी सुटू नये. चापाच्या हालचालीत त्यामुळे दोन छोट्या तरफा वाढल्या. चोखंदळ नेमबाज आजही नाक मुरडतात की चाप थोडा जड, थोडा चिकट लागतो. चांगला कारागीर सिरीज 80 वरही सुरेख चाप देतो, एवढं खरं. ती सेफ्टी काढून टाकून द्या असं सांगणारं गिऱ्हाईक आलं, तर शहाणा कारागीर नाही म्हणतो.

दुसरी फळी स्प्रिंगफील्ड आर्मरीची. नाव सरकारी जुन्या शस्त्रागाराचं असलं तरी कंपनी खाजगी, आणि फ्रेम-स्लाइड अनेक वर्षं ब्राझीलच्या इंबेल कारखान्यातून घडवून येत. तिसरं नाव ऐकून नव्या माणसाला आश्चर्य वाटतं: चीनची नोरिंको. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ती अमेरिकेत अगदी स्वस्तात मिळत. 1994 मध्ये चिनी शस्त्रांच्या आयातीवर बंदी आली. वरची घिसाडी फिनिश पाहून लोक हसत, पण त्यांच्या फ्रेम-स्लाइडचं पोलाद इतकं कठीण की कापायची हत्यारं बोथट होतात अशी तक्रार कारागीर आजही करतात, आणि त्याच दमात त्यांचं कौतुकही करतात.

आणि आता फिलिपाइन्स. मनिलाजवळच्या मारिकिना शहरात आर्मस्कोर ही कंपनी रॉक आयलंड नावाने 1911 च्या पिस्तुलांच्या नकला बनवते आणि त्यांचा मोठा भाग अमेरिकेला जातो. ज्या बेटांवरच्या लढायांमुळे हे काडतूस जन्माला आलं, तिथेच आता परवडणारं 1911 तयार होतं. शिकाऊ कारागीर हात बसवायला बहुधा याच पिस्तुलापासून सुरुवात करतो, कारण बिघडलं तरी रडायला नको.

नावापेक्षा महत्त्वाची गोष्ट फ्रेमला पाडलेली भोकं. घोड्याची पिन आणि सिअरची, म्हणजे घोडा रोखून धरणाऱ्या तुकड्याची, पिन यांची भोकं एकमेकांपासून नेमक्या अंतरावर आणि फ्रेमला काटकोनात हवीत. ही दोन भोकं जरा तिरकी असली तर जगातला सर्वांत महाग चाप-संच घातला तरी घोडा आणि सिअर एका कोपऱ्यावरच टेकतील, आणि चाप कधी हलका, कधी जड लागत राहील. भोक परत पाडता येत नाही. म्हणून जाणता गिऱ्हाईक वरचं पॉलिश न पाहता आधी पिना काढतो. त्यानंतर बघायची ती काडतूस चढायची उतरंड. फ्रेमवरची उतरंड आणि नळीच्या तोंडाची उतरंड यांच्यात साधारण इंचाचा बत्तिसावा भाग, म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या आसपास, पायरी असली पाहिजे. ती पायरी दोष समजून कुणीतरी आधीच फिरत्या ग्राइंडरने सपाट करून आरशासारखी चकचकीत केलेली असते. असं पिस्तूल दिसलं की हात जोडून परत द्यावं. काढलेलं पोलाद परत चढवायला वेल्डिंग लागतं, आणि तो खर्च पिस्तुलाच्या किमतीला भिडतो.

लांबीबद्दलही एक शब्द. पाच इंची मूळ पिस्तूल सर्वांत समजूतदार. 1949-50 च्या सुमारास आलेलं कोल्टचं सव्वाचार इंची कमांडर मॉडेलही बरं. त्याहून आखूड, साडेतीन इंचांची, खिशात मावतात म्हणून विकली जातात. पण स्लाइड हलकी, तिचा प्रवास थोडका, स्प्रिंग ताठ, त्यामुळे काडतूस वर यायला वेळ कमी पडतो आणि ती रुसतात. कस्टम कामाचे पैसे आखूड पिस्तुलावर घालणाऱ्याला मी दोनदा विचार करायला सांगेन.

कामाचा क्रम हीसुद्धा एक परीक्षा. हौशी माणूस आधी मुठीवर नक्षीचं लाकूड घेतो, मग चाप हलका करतो, आणि शेवटी त्याला कळतं की मॅगझिनमधलं तिसरं काडतूस अडकतंय. कारागीर उलट चालतो. आधी पिस्तूल न अडता चाललं पाहिजे. मग माशी. ब्राउनिंगच्या काळातली माशी इतकी बारीक की चाळिशीनंतर ती दिसतच नाही. तिच्या जागी खाच पाडून रुंद, चौकोनी माशी बसवतात. मग मुठीच्या मागची ग्रिप सेफ्टी, जिचा जुना टोकदार आकार अंगठा आणि बोट यांच्यामधल्या कातडीला घोड्यासकट चिमटा काढायचा. तिथे लांब, वर वळलेली सेफ्टी घेतात आणि फ्रेमच्या कोपऱ्याला तिच्या गोलाईत कापून घेतात. मुठीच्या पुढच्या भागावर हात घसरू नये म्हणून बारीक चौकड्यांचं काम होतं: इंचात 20, 25 किंवा 30 रेघा, हाताने, पटाशी आणि कानशीने, एकेक चौकडा टोकदार होईपर्यंत. त्या कामाचा दर पाहून लोक दचकतात. ते करताना कारागिराची पाठ कशी धरते हे पाहिलं तर दचकणार नाहीत.

चाप सर्वांत शेवटी, आणि इथे थट्टा नाही. लष्कराच्या पिस्तुलाचा चाप पाच ते साडेसहा पौंडांचा असे. कस्टम पिस्तुलाचा साडेतीन-चार पौंडांवर आणतात. तो हलका करण्याच्या नादात घोड्याची आणि सिअरची टेकण्याची कड जास्त घासली गेली तर स्लाइड बंद होतानाच घोडा तिच्यामागे खाली येऊ शकतो. असं पिस्तूल मालकाला आणि शेजारच्याला सारखंच धोकादायक. हे काम घरी करायचं नाही. एवढंच या विषयावर पुरे.

नळी बसवणं हे मात्र जवळून बघण्यासारखं काम. नवी नळी मुद्दाम थोडी जाड, थोडी लांब दिलेली असते, कुठल्याच स्लाइडमध्ये सहज न बसणारी. कारागीर तिच्या कडांवर निळं मार्किंग लावतो, स्लाइडमध्ये ढकलतो, लाकडी दांड्याने हलकं ठोकतो, काढतो आणि भिंगाखाली धरतो. जिथे निळं पुसलं गेलं तिथे ती अडते आहे. तिथे कानशीचा एक हात. पुन्हा निळं, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. एका बाजूलाच पुसलं जात असेल तर नळी तिरकी बसतेय. दोन्ही बाजूंना सारखं पुसलं गेलं पाहिजे. शेवटी एक क्षण येतो जेव्हा नळी अंगठ्याच्या दाबाने वर जाऊन बसते आणि हलवली तर हलत नाही, पण अंगठा काढला की आपली आपण खाली सुटते. त्यापुढे एक हात जास्त मारला तर नळी वाया. या टप्प्याला पुष्कळदा फ्रेम आणि स्लाइडमधला प्लेही कमी करतात. पण अनुभवी माणसं सांगतात की नेमकेपणाचा मोठा वाटा नळीच्या दोन टोकांकडून येतो. स्लाइड थोडी खडखडली तर बिघडत नाही, नळी खडखडली तर सगळं गेलं. लोकांना मात्र दुकानात स्लाइड हलवून बघायची सवय, आणि त्यावरून मत बनवायची.

आपल्याकडच्या वाचकाला साहजिकच वाटेल की हे सारं आपल्यापासून फार दूर आहे. आहेच. भारतात शस्त्र कायदा 1959 आणि त्याखालचे नियम यांनुसार .45 चं आणि लष्करी 9 मिलिमीटरचं काडतूस चालवू शकणारी पिस्तुलं प्रतिबंधित गटात मोडतात. शस्त्राची दुरुस्ती किंवा त्यात बदल करणं हेही परवान्याशिवाय गुन्हा आहे. तरीही ब्राउनिंग इथे आहेच. त्याने आयुष्याच्या अखेरीस जे 9 मिलिमीटरचं पिस्तूल आखलं, ते 1926 मध्ये बेल्जियमच्या एफएन कारखान्यातच त्याचा मृत्यू झाल्यानंतर दियोदोने सेव्ह या रचनाकाराने 1935 साली पूर्ण केलं. युद्धकाळात कॅनडाच्या इंग्लिस कंपनीने ते बनवलं, आणि त्या बनावटीवरून पुढे कोलकात्याजवळच्या इच्छापूर रायफल कारखान्यात आपल्या लष्करासाठी आणि पोलिसांसाठी ते तयार होऊ लागलं. या 9 मिलिमीटरच्या पिस्तुलात ब्राउनिंगने लिंक काढून टाकली. नळीखालच्या तिरक्या खाचेनेच नळीला खाली उतरवलं. हाताने बसवण्याची कला तर आपल्याकडेही जिवंत आहे. 25 मीटर पिस्तूल प्रकारात 2018 च्या आशियाई स्पर्धेचं सुवर्ण जिंकणाऱ्या कोल्हापूरच्या राही सरनोबतच्या खेळात पिस्तूल .22 चं असतं, पण त्या खेळाडूंच्या लाकडी मुठी त्यांच्याच तळव्याच्या मापाने कोरलेल्या आणि भरलेल्या असतात.

आता देखभाल. इतका खर्च करून घेतलेलं पिस्तूल बिघडतं ते बहुतेक वेळा काही रुपयांच्या स्प्रिंगमुळे किंवा मालकाच्या सवयीमुळे.

सर्वांत वाईट सवय म्हणजे एक काडतूस हाताने थेट चेंबरमध्ये टाकून वर स्लाइड सोडणं. या पिस्तुलाचा एक्स्ट्रॅक्टर म्हणजे स्प्रिंग-पोलादाची एक लांब पट्टी, स्लाइडच्या आत भोकात बसवलेली, तिच्या टोकाला आकडा. काडतूस मॅगझिनमधून वर येताना त्याची कड खालून सरकत त्या आकड्यात जाते. आधीच चेंबरमध्ये बसलेल्या काडतुसावर स्लाइड आदळली तर आकड्याला कडेवरून उडी मारावी लागते. काही वेळा तो उडी मारतो, मग पट्टीचा ताण जातो, मग एके दिवशी आकड्याचं टोकच तुटतं. ताण तपासायची जुनी युक्ती सोपी आहे. पिस्तूल रिकामं आहे याची दोनदा खात्री करून स्लाइड उतरवायची, मोकळ्या स्लाइडच्या आकड्याखाली खालच्या बाजूने दारू नसलेलं डमी काडतूस सरकवायचं आणि स्लाइड हळूच हलवायची. काडतूस तिथेच लटकून राहिलं पाहिजे. जोरात झटकल्यावर पडलं पाहिजे. लगेच पडत असेल तर ताण गेला. सरकवतानाच जोर लागत असेल तर ताण जास्त. कारागीर तीच पट्टी भोकात थोडी आत घालून कणभर वाकवतो, पुन्हा तपासतो. या कामाला मापयंत्रं निघाली आहेत, पण जुने लोक बोटांवरच विश्वास ठेवतात.

पाच इंची .45 पिस्तुलाची मुख्य रिकॉइल स्प्रिंग 16 पौंडांची. साधारण दोन हजार गोळ्यांनंतर ती बदलून टाकावी, आणि तिच्याबरोबर फायरिंग पिनची छोटी स्प्रिंगही. जुनी स्प्रिंग नवीच्या शेजारी टेबलावर ठेवली की बोटभर आखूड झालेली दिसते. ती बदलताना खबरदारी एकच. पुढचं टोपण स्प्रिंगच्या दाबाखाली असतं. बुशिंग फिरवताना अंगठा सुटला तर ते टोपण गोळीसारखं सुटून छताला लागतं, आणि कधी डोळ्यालाही. चष्मा घालून काम करावं.

तेल थोडं पण योग्य जागी: स्लाइडच्या दोन्ही पट्ट्या, नळीचं टोक आणि पाठ, लिंकची जागा, आणि चापाच्या एका ओढीत एकच गोळी सुटू देणाऱ्या डिस्कनेक्टरचं डोकं. सगळीकडे ओतलेलं तेल काजळीशी मिसळून चिखल होतो आणि फायरिंग पिनच्या भोकात जाऊन बसतो. सेफ्टीला जागेवर धरणाऱ्या बारीक स्प्रिंगची नळी फ्रेमला रिव्हेट केलेली असते. ती ढिली झाली तर सेफ्टी अडकते, म्हणून साफ करताना तिला नखाने हलवून बघायचं. घट्ट बसवलेल्या चापाच्या पिस्तुलाची स्लाइड रिकाम्या चेंबरवर धाडकन सोडू नये. घोडा-सिअरच्या कडांना तो धक्का बसतो. आणि चामड्याच्या म्यानात पिस्तूल महिनोन्‌महिने ठेवू नये. चामडं कमावताना वापरलेली रसायनं आणि चामड्यात मुरलेली दमट हवा मिळून निळ्या फिनिशवर गंजाचे ठिपके उठवतात.

जोडताना स्लाइड स्टॉप नीट न धरता ढकलला की त्याचं टोक फ्रेमवर कमानीसारखा एक ओरखडा उमटवतं. अमेरिकी मंडळी त्याला सरळ 'मूर्खाचा ओरखडा' म्हणतात. हजारो डॉलर देऊन घेतलेल्या पिस्तुलावर पहिल्याच साफसफाईत तो उमटतो, आणि पुढे विकायला काढलं की गिऱ्हाईक आधी तिथेच बघतं.

पिस्तूल अडलं की लोक लगेच ते कारागिराकडे पाठवतात. कारागिराचा पहिला प्रश्न असतो, मॅगझिन कुठलं? पातळ पत्र्याचे दोन ओठ काडतूस कधी आणि कुठल्या कोनात सोडायचं हे ठरवतात. ते खाली पडून जरा वाकले की काडतूस लवकर सुटतं आणि उतरंडीवर नाक खुपसतं. म्हणून स्पर्धेतले नेमबाज प्रत्येक मॅगझिनच्या बुडावर आकडा लिहितात. तीन नंबरचं दोनदा अडलं तर दोष पिस्तुलाचा नाही, तीन नंबरचा. असं मॅगझिन कचऱ्यात टाकण्याआधी बुटाखाली चेपून टाकायचं असतं. नाहीतर क्लबातलं कुणीतरी ते धडधाकट समजून उचलतं, पुसून परत चालवायला घेतं, आणि आठवड्याभरात कारागिराकडे आणखी एक पिस्तूल येतं.